इंदुवहिनींनी खोडायला सांगितलेली ओळ

इंदुवहिनी आमच्या गल्लीत राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिघांशी भांडण केलं. पहिला दूधवाला, कारण तो म्हशीच्या पाठीवर दांडका मोडत होता. दुसरे आमच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांनी गच्चीवर आलेल्या वानरांवर फटाके फेकले होते. तिसरा मी. माझा गुन्हा इतकाच, की मी शेजारधर्म म्हणून विचारलं, "वहिनी, आफ्रिकेत त्या जनावरांची भीती नाही वाटली तुम्हाला?"

"जनावरांची कायले वाटंल?" असं म्हणून त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं.

बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याच्या आतल्या अंगाला त्यांचं घर आणि माझी भाड्याची खोली यांत एकच भिंत होती. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो, बिऱ्हाड अमरावतीला होतं. नवं राज्य होण्याचा तो काळ. नागपूर आता आपली राजधानी राहणार नाही, भोपाळ होणार, हे ठरलं होतं. शाळेची रजिस्टरं हिंदीत उतरवायचं काम आमच्याच गळ्यात होतं. कचेऱ्यांमध्ये चार ठिकाणच्या नोकरांच्या याद्या एकीत घालताना कोण वर आणि कोण खाली यावरून रोज हमरीतुमरी चाले. सगळं गावच चिडलेलं होतं. वहिनींचा राग मात्र त्यातला नव्हता. हे समजायला मला दोन वर्षं लागली, आणि समजलं तेव्हा मी काय केलं, ते सांगायला आज लाज वाटते.

वहिनी बुटक्या, रुंद खांद्यांच्या, नऊवारी नेसणाऱ्या. चालताना त्यांच्या पावलाचा आवाज होत नसे. पाठीमागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. कुणी पक्ष्याकडे किंवा वानराकडे बोट दाखवलं, की त्या ते बोट धरून खाली करत, मग ते कलेक्टराचं का असेना. गल्लीत लग्नाचा घोडा आला, सर्कशीचा हत्ती आला, की पोरं भोवती गराडा घालत. वहिनी दारातून ओरडत, "पाह्यलं ना? मग निघा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांनाही ते लागू होतं. चहा झाल्यावर कुणी रेंगाळलं तर त्या आतून भांडी वाजवत.

आणखी एक गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती. त्या पुढच्या खोलीत कधी केर काढत नसत. घर आरशासारखं लख्ख, तुळशीसमोर रोज रांगोळी, आणि पुढच्या खोलीत बोटभर धूळ. भास्करराव, म्हणजे त्यांचे यजमान, स्वतः झाडू मारत आणि हसत म्हणत, "आमच्या मिसेसचा या खोलीवर रुसवा आहे."

त्या खोलीत काय होतं? भिंतीला लाकडी फळी होती आणि फळीवर गोरिलाचा वाळवलेला हात होता. काळा, सुरकुतलेला, मनगटापासून तोडलेला. नखं माणसासारखी होती.

भास्कररावांबद्दल खरं सांगायचं तर ते मला आवडत. उंच, हसतमुख, आवाज भारदस्त. तरुणपणी इथल्या एका कापडवाल्याच्या ओळखीनं ते युगांडाला गेले, पार त्या टोकाला, जिथून पुढे काँगोची हद्द लागते. आधी दुकानात कारकून, मग स्वतःचं दुकान, मग एक ट्रक. तिथल्या डोंगरावर घनदाट जंगल होतं आणि जंगलात गोरिले होते. नैरोबीहून, काँगोतून गोरे लोक सुट्टीला येत आणि ते पाहायला जाऊ म्हणत. भास्करराव त्यांना ट्रकनं पायथ्याशी नेत, पुढे माणसं घेऊन आत नेत, एखाद-दोन दिवसांत जनावर दाखवून परत आणत. असली सहल लावून देणारा त्या भागात तेव्हा दुसरा कुणी नव्हता, असं ते म्हणत. ते मात्र खरं असावं.

संध्याकाळी ओट्यावर बैठक जमे. कुणी इथली मिठाई, दराबा, आणलेला असे, भास्करराव रंगात येत आणि शेवटी ती एक गोष्ट होई. "मास्तर, समोर एवढा राक्षस! आमच्या वाटाड्याला त्यानं असा उचलला आणि आपटला. गेला बिचारा. पाहुणा माझ्या मागे थरथर कापतोय. मी बंदूक खांद्याला लावली आणि नेम धरला." मग ते आत जाऊन तो हात घेऊन येत. लोक त्याला हात लावून पाहत. त्याच वेळी मागच्या अंगणात धुण्याचं धोपटणं नेहमीपेक्षा जोरात आपटत असे. आम्ही समजायचो, बाई कजाग आहे.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर मला हिवताप आला. दहा-बारा दिवस मी अंथरुणाला खिळून होतो. वहिनींनी न विचारता खिचडी आणायला सुरुवात केली. ताट ठेवत, उंबऱ्यावर बसत, मी संपवेपर्यंत तिथून हलत नसत. आधी नुसत्याच बसायच्या. मग एक दिवस माझ्या खिडकीतून असीरगडाच्या बाजूचे डोंगर दिसत होते, तिकडे पाहत म्हणाल्या, "तिथलं जंगल असं नाही, मास्तर. इथं उन्हाळ्यात पार पलीकडचं दिसतं. तिथं हात लांब केला तर आपलाच हात दिसत नाही."

मी खात राहिलो. माझं बरोबरच झालं, कारण त्या बोलत राहिल्या.

पाऊस थांबला तरी तिथली झाडं तासन्‌तास गळत राहतात. पायाखाली जमीन लागतच नाही, वेलींच्या गुंत्यावरून चालावं लागतं. अंगाला चाटली की आग होणारी पानं असतात, मुंग्यांच्या रांगा असतात. एका गोऱ्या पाहुण्याच्या बायकोला सोबत बाईमाणूस हवं होतं, म्हणून वहिनी पहिल्यांदा आत गेल्या. नऊवारीचा काष्टा आणखी वर खोचून. पुढे त्या किती तरी वेळा गेल्या.

वाट काढणारा होता मुगीशा. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बट्वा लोक, त्यांच्यातला. बेताच्या उंचीचा, चाळिशीचा, पुढचा एक दात पडलेला. गोरिलांनी रात्री झोपायला मोडून घातलेल्या फांद्यांची घरटी तो शोधायचा. शेणाला हाताची मागची बाजू लावून सांगायचा, सकाळचं आहे की कालचं. जवळ आलं की हात वर करायचा आणि घशातून हलकेच आवाज काढायचा, जेवण झाल्यावर माणूस खाकरतो तसा. आम्ही आलोय, घाबरू नका, एवढाच त्याचा अर्थ.

"मग बसायचं," वहिनी म्हणाल्या. "उभं नाही राहायचं. डोळ्यात नाही पाहायचं. पळायचं तर नाहीच. मुगीशा म्हणे, आपण त्याले दिसावं, पण आपलं त्याच्याशी काही काम आहे असं दिसू नये."

एकदा बसल्या असताना समोर एक मादी होती, पोटाशी पोर. पोर आईच्या डोक्यावर चढून केस ओढायचं आणि कोलांटी खाऊन खाली पडायचं. आई तिकडे न पाहता एका हातानं उचलून परत जागेवर ठेवायची. आपलं पाला खाणं चालूच. पुन्हा पोर वर, पुन्हा खाली.

"आमची आई पोळ्या लाटताना धाकट्या भावाले अस्संच उचलून ठेवे," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. चांगल्या मोठ्यानं हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. मीही हसलो आणि मूर्खासारखं विचारून बसलो, "आणि तो गेला कसा हो, मुगीशा? भास्करराव सांगतात तसाच?"

त्यांचा चेहरा मिटला. "खिचडी खा. थंड होते," म्हणाल्या आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून ताट घेऊन मोलकरीण यायला लागली.

नवं राज्य झालं. नवे अधिकारी आले, कुणी ग्वाल्हेरकडचे, कुणी नागपूरचे, एकमेकांना न ओळखणारे. त्यांच्यापैकी एका जंगलखात्याच्या साहेबांच्या डोक्यात कल्पना आली, की देडतलाईकडच्या जंगलात पाहुण्यांसाठी सहली सुरू कराव्यात. भोपाळहून बडे लोक येतील, जुन्या संस्थानिकांचे सोयरे येतील, त्यांना वाघ, अस्वल, गवे दाखवायचे. आणि हे काम जाणणारा माणूस गावातच आहे, आफ्रिकेत गोऱ्यांना जंगल दाखवून आलेला. भास्कररावांना प्रमुख करायचं ठरलं. त्याआधी गावातर्फे त्यांचा सत्कार व्हावा, साहेबांच्या हस्ते मानपत्र द्यावं, असं वाचनालयाच्या मंडळींना वाटलं. मानपत्र लिहायचं काम अर्थातच मराठीच्या मास्तराकडे आलं. मी ते मन लावून लिहिलं. "नरवानराच्या करालपाशातून अतिथीचे प्राण सोडविणारे नरसिंह" अशी त्यात एक ओळ होती. ती मला फार जमून गेली असं वाटत होतं. छापायला म्हणून मी एक प्रत इथल्या साप्ताहिकाला आधीच देऊन ठेवली.

सत्काराच्या दोन दिवस आधी देडतलाईहून एक कोरकू आदिवासी भास्कररावांकडे आला. झापू त्याचं नाव. जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेला, म्हणून साहेबांनी पाठवलेला. भास्करराव घरी नव्हते. तो ओट्यावर टेकला. वहिनींनी त्याला चहा दिला आणि समोर बसल्या. मी माझ्या दारात वह्या तपासत होतो.

"बच्चे कितने हैं तेरे?" वहिनींनी विचारलं.

"चार, बाई."

"जंगल में आगे कौन चलेगा?"

"आगे तो मैं ही. रस्ता मेरेको मालूम."

"और बंदूक?"

"साब के पास रहेगी ना. पीछे." झापू हसला. त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटत नव्हतं.

वहिनी हसल्या नाहीत. त्या त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिल्या, की तो बिचारा अवघडून उठला. तो गेल्यावर त्या तिथंच बसून होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, परवाच्या सभेत बायांले बसू देतात का?"

"देतात की. डाव्या हाताला जागा ठेवलीय."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, रुसवा गेला.

सभेला वाचनालयाचा हॉल भरला होता. मधोमध साहेब, शेजारी भास्करराव, गळ्यात हार, समोर मेजावर शोभेसाठी तो हात मांडलेला. मी मानपत्र वाचायला उभा राहिलो. आवाज चांगला लागला होता. "करालपाशातून" म्हणालो आणि डावीकडून आवाज आला.

"थांबा, मास्तर. ती ओळ खोडा."

वहिनी उभ्या होत्या. भास्करराव हसतच म्हणाले, "इंदू, खाली बस."

"ती ओळ खोटी आहे. खोडा."

साहेबांना मराठी येत नव्हतं. ते शेजारच्या अध्यक्षांकडे वळले. अध्यक्ष सांगायला लागणार तोच वहिनी तडक त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "साब, मेरी बात मैं खुद बोलेगी. बीच में कोई नहीं."

त्यांचं हिंदी मोडकं होतं. पण त्या सभेत एकाही माणसाला ते समजलं नाही असं झालं नाही. मी इथे मराठीत लिहितो, तरी शब्द शक्य तितके त्यांचेच ठेवतो.

त्या म्हणाल्या, मी तिथं होती. पाहुण्याला पोराचा फोटो हवा होता. मुगीशानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं होतं, इथून पुढे नाही म्हणून. मधे झुडूप होतं, फोटो येत नव्हता. माझ्या मालकांनी त्याला सांगितलं, झुडूप तोड. तो नाही म्हणाला. पुन्हा सांगितलं, नाही तोडलंस तर उद्यापासून येऊ नको. त्यानं कोयता चालवला. नर बाहेर आला, ओरडत आला. मुगीशा खाली बसला, मान घालून, जसा तो सगळ्यांना शिकवायचा तसा. मीही बसली. नर चार हातांच्या अंतरावर येऊन थांबला. साब, थांबला! जमिनीवर हात आपटले आणि थांबला. तो परतच जाणार होता. पाहुणा आणि माझे मालक पळत सुटले होते. बंदूक उडाली. घाबरून मारली की पडताना सुटली, ते मले माहीत नाही, मी त्याचा आळ घेणार नाही. छर्रे मुगीशाच्या पाठीत लागले. गोरिला समोर होता, साब. छर्रे पाठीत लागले.

साहेबांवरची नजर न काढता त्या पुढे बोलल्या.

"बांबूच्या डोलीतून खाली आणताना वाटेतच गेला. तिथला गोरा अंमलदार आला. मी त्याला सगळं सांगितलं. मला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. माझं बोलणं त्याला इंग्रजीत कोणी सांगितलं?" त्यांनी भास्कररावांकडे बोट केलं. कुणाकडे बोट दाखवताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. "यांनी सांगितलं. अंमलदारानं लिहून घेतलं, गोरिलानं मारलं. मग चाळीस माणसं भाले घेऊन गेली आणि त्या नराला मारलं. त्याचा हा हात." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "आता तुम्ही झापूला पुढे चालवणार. चालवा. पण त्याला हे माहीत असू द्या."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. भास्करराव उभे राहिले होते, चेहरा चुन्यासारखा. "तिला तिकडे मेंदूचा ताप आला होता," ते म्हणाले. "तेव्हापासून असं होतं तिला मधूनमधून." अध्यक्षांनी घाईघाईनं जाहीर केलं की चहा तयार आहे.

चहा पिताना लोक काय बोलत होते? बायकोनं भर सभेत नवऱ्याची अब्रू काढली. साहेबांपुढे गावाचं नाक कापलं. माझ्या शेजारी उभे असलेले वकील म्हणाले, "मेंदूच्या तापात होतं असं, माझ्या मावशीला झालं होतं." हे खरं आहे का, असं एकानंही विचारलं नाही. मुगीशा कोण, हे कुणी विचारलं नाही. आणि मी? मानपत्राची घडी घालून मी खिशात ठेवली. हातात लेखणी होती. ओळ मी खोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचं ऐकते ती. दोन शब्द माफीचे लिहून आणा, म्हणजे विषय मिटेल." मी गेलो. वहिनी घरात नव्हत्या. पुढच्या खोलीत भिंतीवरची फळी रिकामी होती. मोलकरीण म्हणाली, राजघाटाकडे गेल्या.

तापीच्या वाळवंटात त्यांनी गोवऱ्या आणि तुरीच्या काड्या रचल्या होत्या. वर तो हात ठेवला होता. घाटावरची दोन-चार माणसं जमून ओरडत होती, "ओ बाई, माकडाचा हात इथं जाळता? बाटवता का घाट?"

"मेलेलं माणूस मी पाह्यलं," वहिनी त्यांच्यावर कडाडल्या. "त्याले मूठभर माती टाकायले मले कोणी जाऊ दिलं नाही. हे तरी करू द्या. अन्‌ पाह्यलं असंल तर निघा!"

माणसं बडबडत बाजूला झाली. काड्या ओल्या होत्या, नुसता धूर होत होता. वहिनी वाकून फुंकर घालत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुरानं की कशानं ते मी सांगू शकत नाही. मी जवळ गेलो आणि ज्यासाठी आलो होतो ते बोललो. "वहिनी, माफी मागितलीत तर..."

"मागायची आहे," त्या वर न पाहता म्हणाल्या. "मुगीशाच्या बायकोची. तिचा पत्ता काढा, मास्तर. अन्‌ त्या अंमलदाराच्या कचेरीचा. तुमाले इंग्रजी येतं ना?"

"येतं."

"मग लिहा. आता मधे तुम्हीच आहात. तुम्ही तरी खोटं सांगू नका."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. खरंच आला. माझी नोकरी नव्या यादीत कुठे बसते ते अजून ठरायचं होतं आणि हेडमास्तर माफीनाम्याची वाट पाहत होते. तरी मी चार दिवसांनी त्या कचेरीला पत्र लिहिलं. वहिनींनी ते माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं, एकेक वाक्य. मग तोच कागद घेऊन त्या पोस्टमास्तरांकडे गेल्या आणि त्यांच्याकडूनही मराठीत वाचून घेतला, मी वाचून दाखवलं तेच लिहिलंय ना म्हणून. पोस्टमास्तरांनी मला नंतर हसत हसत हे सांगितलं. मला हसू आलं नाही. मी भास्कररावांचा मित्र होतो. वहिनींनी माझ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

पाच महिन्यांनी उत्तर आलं. टंकलिखित, चार ओळींचं. प्रकरण त्या वेळच्या नोंदींनुसार बंद झालेलं आहे, ते पुन्हा उघडण्याचं कारण दिसत नाही. मी ते त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "नोंद कोणाच्या बोलण्यावरून केली, ते त्यांनी सांगितलं का?"

"नाही."

"पुन्हा लिहा."

आम्ही आणखी तीन पत्रं लिहिली. एक तिथल्या मिशनच्या पत्त्यावर, मुगीशाच्या बायकोसाठी. एकाचंही उत्तर आलं नाही.

भास्करराव सत्कारानंतर महिनाभरात इंदूरला भावाकडे निघून गेले. वहिनींना त्यांनी नेलं नाही आणि त्या गेल्याही नसत्या. सहलींचं काय झालं? वहिनी एकदा बस पकडून देडतलाईला गेल्या, झापूच्या वाडीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं आणि परत आल्या. पुढे साहेबांचे पाहुणे आले तेव्हा कोरकू माणसांनी सांगितलं, आम्ही चालतो, पण सगळ्या बंदुका रेस्टहाउसात राहतील. पाहुण्यांना ते मानवलं नाही. दोनदा गाड्या आल्या तशा परत गेल्या. साहेबांची बदली झाली आणि फाइल कुठल्या तरी कपाटात गेली. हे वहिनींमुळे झालं, असं गावात कुणी कधी कबूल केलं नाही. उलट बाईनं गावाचं नुकसान केलं, असंच बोललं जाई.

काही वर्षांनी भास्करराव वारले. साप्ताहिकानं बातमी छापली आणि खाली चौकटीत छापलं, "नरवानराच्या करालपाशातून अतिथीचे प्राण सोडविणारे नरसिंह." माझी ओळ. मी दिलेली प्रत त्यांनी जपून ठेवली होती. मी खुलासा लिहून पाठवला. मेलेल्या माणसाबद्दल असं छापणं बरं दिसत नाही, म्हणून संपादकांनी तो परत केला. मी स्वतः जाऊन भांडलो, आयुष्यात पहिल्यांदा असा ओरडलो की छापखान्यातले जुळारी हातातले अक्षरांचे खिळे टाकून पाहायला लागले. काही उपयोग झाला नाही. मुगीशाच्या मरणाची बुऱ्हाणपुरातली छापील नोंद आजही तीच आहे, आणि ती माझ्या हातची आहे.

वहिनी तोवर देडतलाईला राहायला गेल्या होत्या. तिथं कोरकू मुलींचं एक वसतिगृह निघालं, त्याच्या स्वयंपाकघरात त्यांना काम मिळालं. अधूनमधून त्यांच्या बातम्या येत. ठेकेदाराच्या माणसाला झाऱ्यानं मारलं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला पोरींच्या ताटातलं जेवायला लावलं. बातम्या सांगणारे हसत. मी हसत नसे, पण भेटायलाही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो.

मग एका मार्चमध्ये परीक्षेच्या कामासाठी मला देडतलाईला जावं लागलं. दोन दिवस होतो. वसतिगृह शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं आणि तरी मी गेलो नाही. काय बोलायचं, ते ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसलो होतो. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरनं पुढची दोन बाकं कुणा ठेकेदाराच्या माणसांसाठी रुमाल टाकून अडवून ठेवली होती. एक कोरकू बाई तापानं फणफणलेलं मूल घेऊन पायरीवर चढली, तिला त्यानं खाली उतरवलं. "जागा नाही. संध्याकाळच्या गाडीनं ये."

गाडी सुरू झाली आणि कचकन थांबली. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. मी मान बाहेर काढली. गाडीच्या नाकापुढे इंदुवहिनी उभ्या होत्या, दोन्ही तळवे तापलेल्या बॉनेटवर टेकून. केस पांढरे झाले होते. कोपरापर्यंत पीठ होतं, तशाच धावत आल्या असाव्यात.

"हटो बाई, मरना है क्या?"

"चल, चालव ना! चालव!" त्या ओरडत होत्या. "पोर दवाखान्यात न्यायचं आहे, अन्‌ तुझ्या रिकाम्या बाकावर कोणी नाही, नुसता रुमाल बसला आहे! रुमालाले ताप आला का रे?"

प्रवासी वैतागले होते. कुणी म्हणत होतं, ढकला तिला. कुणी म्हणत होतं, उशीर होतोय. मी खिडकीतून हाक मारली, "वहिनी!"

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं. चेहऱ्यावर काही बदललं नाही.

"मास्तर, उतरायचं तर उतरा," त्या म्हणाल्या. "नाही तर आत बसा. मधून डोकावू नका."

मी उठलो. गर्दीतून वाट काढत पुढच्या बाकापाशी गेलो, तिथला रुमाल उचलून कंडक्टरच्या हातात दिला. तो अंगावर आला. मी त्याची कॉलर धरली. मला तरी वाटतं की धरली. नक्की आठवत नाही. त्या बाईला मुलासकट आत घेऊन बाकावर बसवलं आणि मी तिच्यासमोर दांडा धरून उभा राहिलो.

मग वहिनींनी बॉनेटवरून हात काढले. गाडी निघाली. मागच्या काचेतून मी पाहिलं, तर त्या आमच्याकडे पाहतसुद्धा नव्हत्या. रस्त्याच्या कडेला पाठमोऱ्या उभ्या राहून त्या तळव्यांना भाजलं होतं तिथं फुंकर घालत होत्या, मग धुळीतून कुणावर तरी ओरडत वसतिगृहाकडे चालायला लागल्या.